गंगाजळी एक नाही, निदान तीन आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, जागेसाठी काटछाट केलीत तरी चालेल पण आकडे तेवढे कापू नका, कारण भांडण आकड्यांवरूनच सुरू झालंय.

झालं असं की २३ मे २०२५ ला रिझर्व्ह बँकेच्या बोर्डाने केंद्र सरकारला २ लाख ६८ हजार ५९० कोटी रुपये लाभांश म्हणून द्यायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात, टीव्हीवर सगळीकडे "गंगाजळी" हा शब्द सुटला. कुणी म्हणे गंगाजळीतून सरकारला लॉटरी, कुणी म्हणे गंगाजळीवर डल्ला. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर तर एकाने थेट प्रश्न टाकला, देशाच्या गंगाजळीत जवळजवळ ७०० अब्ज डॉलर पडून आहेत असं परवाच वाचलं, मग सरकार कर्ज कशाला काढतं, हेच पैसे वापरून आमचे खड्डे का बुजवत नाही. त्याला बावीस अंगठे आले. मी तेहेतीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून काढलीत, कीर्द-खतावणी, तेरीज, ताळेबंद यातच केस पांढरे झाले, त्यामुळे मला राहवलं नाही आणि मी उत्तर लिहिलं. ते कुणी वाचलं नाही म्हणून आता तुम्हाला लिहितोय.

आधी शब्दाबद्दल. आमच्या आजीच्या देवघरात खरी गंगाजळी होती, काशीहून आणलेली, तांब्याची, तोंडाला डाग देऊन बंद केलेली. यात्रेहून आल्यावरचं मावंदं, म्हणजे गावजेवण, घातल्यावर ती जी देव्हाऱ्यात गेली ती आजोबा शेवटच्या घटका मोजत होते तेव्हाच फोडली. म्हणजे ज्याला हात लावायचा नाही, अगदी शेवटच्या वेळेलाच उघडायचं, ते गंगाजळी. पेपरवाल्यांनी हा शब्द किती चांगला उचलला होता! पण आता तुम्ही परकीय चलनाच्या साठ्यालाही गंगाजळी म्हणता, रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदातल्या राखीव निधीलाही गंगाजळी म्हणता, आणि मुंबई महापालिकेच्या बँकांतल्या मुदत ठेवींनाही गंगाजळीच म्हणता. तीन वेगळी भांडी, तिन्हीवर एकच चिठ्ठी. मग वाचणाऱ्याने एकातलं पाणी दुसऱ्यात ओतलं तर त्याचा दोष किती?

पहिलं भांडं, डॉलरचं. २७ सप्टेंबर २०२४ ला हा साठा ७०४.८९ अब्ज डॉलरला पोचला होता, तो तोवरचा उच्चांक म्हणून तुम्हीच पहिल्या पानावर छापलं होतं. पण हे डॉलर आले कुठून हे कोणी सांगत नाही. एखादा निर्यातदार, किंवा बाहेरचा गुंतवणूकदार, किंवा दुबईत नोकरी करणारा आपला पोरगा डॉलर-दिरहम पाठवतो, ते त्याच्या बँकेत येतात, बाजारात फार डॉलर झाले की रिझर्व्ह बँक ते विकत घेते आणि बदल्यात रुपये देते. ते रुपये नवीन तयार झालेले असतात. म्हणजे एका बाजूला डॉलर आले पण दुसऱ्या बाजूला तेवढंच देणं पण उभं राहिलं. आमच्या पतसंस्थेत ठेव आली की गल्ल्यात रोकड वाढते, म्हणून कोणी संचालक म्हणत नाही की बघा आपण श्रीमंत झालो (खरं तर एक म्हणायचा, त्याच्याबद्दल पुढे). तुमच्या खिशातली पाचशेची नोट बघा, त्यावर गव्हर्नरने पैसे द्यायचं वचन लिहून सही केलीय, म्हणजे ती नोट तुमच्यासाठी पैसा असली तरी रिझर्व्ह बँकेच्या वहीत ते देणंच आहे, आणि तिच्या मार्च २०२५ च्या ७६ लाख कोटींच्या ताळेबंदात देण्याच्या बाजूला निम्म्याच्या आसपास नुसत्या नोटाच होत्या.

आता समजा सरकारने ठरवलं की या डॉलरमधून खड्डे बुजवायचे. डांबरवाला, रोलरवाला, मुकादम डॉलर घेणार नाहीत, त्यांना रुपये लागतील. डॉलर देऊन रुपये देणार कोण? एवढ्या मोठ्या रकमेला परत रिझर्व्ह बँकच. म्हणजे तिने एकदा रुपये देऊन घेतलेले डॉलर, तेच तिला परत विकून पुन्हा रुपये घ्यायचे, हे सरळ नोटा छापणंच झालं फक्त मध्ये डॉलर फिरवून आणले एवढंच. या डॉलरचा उपयोग बाहेर आहे, तेल आणायला, कर्ज फेडायला, आणि रुपया धडाधड कोसळायला लागला की त्याला आधार द्यायला. आणि हो, मार्च २०२५ अखेर देशाचं बाहेरचं कर्ज ७३६ अब्ज डॉलर होतं, सरकार आणि कंपन्या सगळं धरून. म्हणजे आख्खा साठा ओतला तरी ते पुरं फिटत नाही. हे छापताना उच्चांकाच्या बातमीशेजारी एक ओळ टाकली असती तर ग्रुपवरचे बावीस अंगठे वाचले असते.

या भांड्याचा तळ दिसला की काय होतं ते आमच्या पिढीने १९९१ ला पाहिलंय. तेव्हा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले होते. आधी मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेलं, मग जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं स्वतःचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला गेलं, गहाण म्हणून, आणि त्यावर ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज मिळालं. विमानतळाकडे जाताना सोन्याची गाडी वाटेत बंद पडली असंही सांगतात. तेव्हा लोक हळहळले, कारण सोनं गहाण ठेवणं म्हणजे काय हे घराघरात माहीत आहे, व्याजदर आणि पतमानांकन कळलं नाही तरी चालतं. पुढे २००९ ला त्याच रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं. आणि २०२४ मध्ये लंडनला ठेवलेल्या सोन्यातलं १०० टन आणलं, नंतर पुन्हा तेवढंच आणलं. मार्च २०२५ ला एकूण साधारण ८८० टन, त्यातलं ५१२ टन देशात, मुंबईच्या मिंट रोडवर आणि आपल्या नागपुरात. बाकीचं बँक ऑफ इंग्लंड वगैरेकडे. का आणलं याचं कारण कोणी मोठ्याने बोललं नाही पण २०२२ मध्ये रशियाचे ३०० अब्ज डॉलरच्या आसपास परदेशात ठेवलेले साठे गोठवले गेले ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेलं आपलं सोनं किती आपलं असतं हा प्रश्न तेव्हा बऱ्याच देशांना पडला असणार.

आता दुसरं भांडं, आणि खरं भांडण याच्यावर आहे.

रिझर्व्ह बँकेचं भांडवल किती असेल? ५ कोटी रुपये. १९३५ पासून तेवढंच. आमच्या तालुक्यातल्या पतसंस्थेचं यापेक्षा जास्त आहे. त्याच्या जोडीला कायद्याने ठेवलेला रिझर्व्ह फंड ६,५०० कोटी, तोही मूळचा ५ कोटींचाच, बाकी सगळी सोन्याच्या वाढलेल्या किमतीची भर, आणि ती भर १९९० ला थांबली. मग एवढ्या अवाढव्य ताळेबंदाचा धक्का झेलायला काय आहे? तर आकस्मिक जोखमीसाठी बाजूला काढलेला निधी, ज्याला हे लोक कंटिंजन्सी फंड म्हणतात, आणि दुसरं म्हणजे चलन आणि सोन्याच्या पुनर्मूल्यांकनाचं खातं, जे १० लाख कोटींच्या बरंच पुढे गेलंय. ऐकायला प्रचंड. पण हे दुसरं खातं म्हणजे कागदावरचा नफा आहे. सोनं वाढलं, डॉलर वाढला, त्याची किंमत वहीत वाढली, विकलं काहीच नाही.

इथे मला आमच्या चेअरमनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्थेची इमारत आम्ही चार लाखांना घेतली होती, मग समोरून बायपास गेला आणि व्हॅल्युअरने तिची किंमत बासष्ट लाख काढली. चेअरमन पेढे घेऊन माझ्या टेबलाशी, "अण्णा, अठ्ठावन्न लाखाचा फायदा हाय की ह्यो! यंदा पंधरा टक्के लाभांश देऊन टाकू, जनरल मीटिंगला लोक डोक्यावर घेतील." मी म्हटलं, देऊ की, पण मग इमारत विकावी लागेल आणि सोमवारपासून काउंटर रस्त्यावर मांडावं लागेल. ते काही पटलं नाही, माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, शेवटी ऑडिटरने तेच सांगितलं तेव्हा गप्प बसले. सहकार कायद्यात तर सरळ लिहिलंय की निव्वळ नफ्यातला चौथा हिस्सा आधी राखीव निधीला, मग लाभांश, आणि तोही १५ टक्क्यांच्या वर नाही. त्या वर्षी सभासदांना स्टीलचा डबा दिला झाकणावर संस्थेचं नाव घालून.

सांगायचं कारण, हीच गोष्ट २०१८ मध्ये दिल्ली-मुंबईत चालू होती, फक्त आकडे लाख कोटींचे. रिझर्व्ह बँकेकडे गरजेपेक्षा जास्त साठलंय, ते द्या, असं एक म्हणणं होतं, आणि २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीतच सुमारे ४ लाख कोटी जादा आहेत असं लिहून झालं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी भर भाषणात अर्जेंटिनाचं उदाहरण दिलं, तिथे डिसेंबर २००९ मध्ये सरकारने कर्जफेडीसाठी मध्यवर्ती बँकेच्या साठ्यातले ६.६ अब्ज डॉलर मागितले आणि गव्हर्नर रेद्रादो नाही म्हणाले तर त्यांना घालवलं, आणि बाजाराने मग काय करायचं ते केलं. १० डिसेंबर २०१८ ला ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला, कारण वैयक्तिक असं लिहून. मग बिमल जालान समिती बसली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तिचा अहवाल आला.

जालान समितीने दोन गोष्टी केल्या. एक, कागदावरच्या नफ्याला हात लावायचा नाही, तो वाटायचा नाही, म्हणजे आमच्या ऑडिटरचंच म्हणणं. दोन, आकस्मिक जोखमीसाठी ताळेबंदाच्या ५.५ ते ६.५ टक्के एवढं ठेवा, त्याच्या वरचं द्या. तेव्हा रिझर्व्ह बँकेकडे ६.८ टक्के होते. बोर्डाने खालची हद्द धरली, ५.५, आणि फरकाचे ५२,६३७ कोटी काढून दिले. त्या वर्षीचा नफा १,२३,४१४ कोटी, मिळून १,७६,०५१ कोटी. तर ज्याला गंगाजळी फोडणं म्हणता येईल ते ते ५२ हजार कोटी, बाकीची कमाई होती. आणि माझ्या मते ५.५ धरणं चूक होतं, एकाच वेळी सगळी ढील द्यायची गरज नव्हती. सहा महिन्यांत करोना आला हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं हे खरं, पण आकस्मिक निधी ज्याला म्हणतात तो अशाच माहीत नसलेल्या गोष्टीसाठी असतो ना.

आता २०२५ चं बघा, उलटं आहे! या वेळी हद्द बदलून ४.५ ते ७.५ केली आणि बोर्डाने वरची टोकाची हद्द धरली, ७.५ टक्के. आदल्या वर्षी ६.५ होती. ताळेबंद ७६.२५ लाख कोटींचा, त्याचा एक टक्का म्हणजे ७६ हजार कोटी. ६.५ वरच ठेवलं असतं तर सरकारला आणखी ७६ हजार कोटी मिळाले असते, ते बँकेने स्वतःकडे ठेवले. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही गंगाजळीवर डल्ला असं छापलंत त्या दिवशी गंगाजळीत भर पडली होती. सरकारचे भक्त आणि सरकारचे वैरी दोघांनीही ही ओळ वाचली नाही, दोघांनाही ती सोयीची नव्हती.

मग एवढा नफा आला कुठून? इथे पहिलं भांडं आणि दुसरं भांडं जोडलेलं आहे म्हणून घोटाळा होतो. त्या वर्षी रुपया घसरत होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८८ ला टेकायला आला होता. रिझर्व्ह बँकेने रुपयाला आधार म्हणून डॉलर विकले, वर्षभरातली ढोबळ विक्री (मधे परत घेतलेले डॉलर वजा न करता) ४०० अब्ज डॉलरच्या आसपास. उच्चांकापासून चार महिन्यांत साठा ८० अब्ज डॉलरनी खाली आला तो काही प्रमाणात यामुळेच. आता हे डॉलर तिने वर्षानुवर्षं स्वस्तात घेतलेले, विकले महागात, मधला फरक हा खरा, हातात आलेला नफा. दुसरं, अमेरिकी रोख्यांवरचं व्याज चढलं होतं, तेच २०२१ च्या सुमारास जवळजवळ शून्य होतं, म्हणून तर २०२१-२२ चा लाभांश ३०,३०७ कोटींवर आला होता. तिसरं, आपल्याच सरकारच्या रोख्यांवरचं व्याज, म्हणजे सरकारने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने परत घेतलं.

तेव्हा लाभांश वाढला म्हणजे देशाचं बरं चाललंय असं नाही. रुपयाची घसरण झाली की हा आकडा फुगतो. आईच्या अंगावरचं जुनं सोनं अडचणीत मोडलं आणि भाव चांगला आला तर आपण पेढे वाटतो का? मोडावं लागलं ही बातमी आहे. हां, अडचण नसताना नुसतं वर चढलेलं विकून थोडा फायदा पदरात पाडणं हा वेगळा प्रकार, आणि रिझर्व्ह बँकेने यातलं किती कशासाठी केलं हे बाहेरून सांगता येत नाही हेही मान्य. पण "लॉटरी" हा शब्द तरी नको.

आणि हे पैसे सरकारला द्यायचेच असतात, कायदाच आहे, १९३४ च्या कायद्याचं कलम ४७, बुडीत, घसारा वगैरे तरतुदी केल्या की उरलेला नफा केंद्राचा. १ जानेवारी १९४९ पर्यंत रिझर्व्ह बँक खाजगी शेअरहोल्डरांची होती, त्या दिवशी सरकारची झाली, आणि तेव्हा गव्हर्नर होते आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांचा राजीनामा सगळ्यांना पाठ आहे, मुंबईसाठी दिलेला, पण हे कोणाला आठवत नाही की ते अर्थमंत्री असतानाच १९५५ मध्ये अशी व्यवस्था झाली की सरकारच्या खात्यात पैसे कमी पडले की रिझर्व्ह बँक आपोआप तात्पुरत्या हुंड्यांवर, म्हणजे सरकारच्या थोड्या मुदतीच्या कर्जचिठ्ठ्यांवर, नवे रुपये तयार करून देणार. तात्पुरती म्हणून आलेली ती सोय चाळीस वर्षं चालली, थेट १९९७ पर्यंत, आणि महागाईच्या रूपाने सगळ्यांनी भरली. इतका कडक माणूस खुर्चीत असूनही हे झालं, म्हणून मला माणसापेक्षा नियमावर जास्त भरवसा वाटतो, भले तो नियम ५.५ आणि ७.५ असा रुक्ष का असेना.

महाराष्ट्रापुरतं एक सांगायचं राहिलं. या २.६९ लाख कोटीत राज्यांना थेट वाटा नाही. केंद्राच्या करांतले ४१ टक्के राज्यांत वाटले जातात पण लाभांश हा कर नाही, तो करेतर महसूल, तो पूर्ण केंद्राचा. आमच्या ग्रुपवर एकाने महाराष्ट्राचा हिस्सा किती येणार याचा हिशेबही मांडला होता, बिचारा. आपलं राज्य बसतं रिझर्व्ह बँकेच्या दुसऱ्या खिडकीवर, मंगळवारी राज्यांच्या रोख्यांचे लिलाव असतात त्या रांगेत, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज ९.३२ लाख कोटींवर गेलाय. केंद्राचंही तेच, त्या वर्षी नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी धरलंय, म्हणजे ज्या लाभांशावरून एवढा गोंधळ झाला तो व्याजाला अडीच महिने पुरतो. त्यातही अर्थसंकल्पात रिझर्व्ह बँक आणि सरकारी बँका मिळून २.५६ लाख कोटी येतील हे फेब्रुवारीतच धरलं होतं. म्हणजे बहुतेक रक्कम आधीच खर्चाला लावून झाली होती, मे मध्ये फक्त चेक आला.

तिसऱ्या भांड्यावर थोडक्यात, मुंबई महापालिकेच्या मुदत ठेवी एके काळी ९० हजार कोटींच्या पुढे गेल्या होत्या. त्यात कंत्राटदारांच्या अनामत रकमा आहेत, कर्मचाऱ्यांचा भविष्य निधी आणि पेन्शन आहे, ठरलेल्या प्रकल्पांसाठी बांधलेले पैसे आहेत. यातलं खरोखर मोकळं किती हे सांगितल्याशिवाय नुसता एकूण आकडा छापणं म्हणजे आमच्या पतसंस्थेच्या गल्ल्यातली रोकड दाखवून संस्था श्रीमंत आहे म्हणण्यासारखं आहे. तो जो संचालक म्हणायचा ना, तो याच चालीवर नगरसेवकाच्या तिकिटाला उभा राहिला होता.

तर माझी विनंती साधी आहे. डॉलरच्या साठ्याला परकीय चलनसाठा म्हणा, लांब वाटला तरी. रिझर्व्ह बँकेच्या निधीला आकस्मिक निधी म्हणा. महापालिकेच्या ठेवींना ठेवी म्हणा. आणि पुढच्या मे महिन्यात लाभांशाची बातमी येईल तेव्हा हेडिंगमध्ये नाही तर निदान पहिल्या परिच्छेदात दोन आकडे द्या, जोखमीसाठी किती टक्के ठेवले आणि नफ्यातलं डॉलर विकून किती आलं. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात हे येतं, मे अखेरीस, जाडजूड असतो पण शेवटच्या प्रकरणात ताळेबंद आहे, तिथून सुरुवात केली तर तासाभरात होतं.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, जि. सांगली

ता.क. ग्रुपवर खड्ड्यांचा प्रश्न टाकणाऱ्या मित्राने हे पत्र वाचलं. त्याचं म्हणणं, तुझं डॉलरचं पटलं, पण मग खड्डे कशातून बुजवायचे ते कुठे लिहिलंयस. मी त्याला नगरपालिकेचा अर्थसंकल्प मागायला सांगितलंय, दोघं मिळून सोमवारी जाणार आहोत.